जित्याची खोड : पूलच्या टेबलावरील चुकीच्या सवयी व त्या मोडण्याचा अभ्यास

१. बागबाजारातील कॅरमचा पट

कोलकात्याच्या उत्तर भागात हुगळीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीस मराठा डिच लेन असे नाव आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी धास्तावून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बागबाजारपासून आरंभ करून सुमारे सात मैलांचा खंदक करण्याचा बेत होता. त्यांपैकी तीन मैल खणून झाले. मराठे शहरावर आलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिले. पुढे खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावरून रस्ता काढण्यात आला. गल्लीच्या नावात मात्र तो अद्याप शिल्लक आहे.

या वस्तीत माझे बालपण गेले. संध्याकाळ झाली की घरांपुढील ओट्यांवर माणसे गप्पा मारीत बसत. वस्तीतील क्लबापुढे लोंबत्या दिव्याखाली कॅरमचा पट मांडलेला असे. बोरिक पावडर टाकून गुळगुळीत केलेल्या त्या पटावर माझ्या हाताला पहिले वळण लागले. १९९० नंतरच्या दशकात मोठ्या शहरांतून ताशी भाड्याने पूल खेळावयास मिळू लागले. तेव्हा ट्रॅमने जाऊन मी त्या टेबलाशी ओळख करून घेतली. पहिले वर्षभर मला यश मिळत गेले. जवळचे चेंडू मी भराभर पॉकेटमध्ये घालीत असे. दुसऱ्या वर्षी माझी प्रगती थांबली आणि तिसऱ्या वर्षी, अधिक सराव करूनही, माझा खेळ होता तेथेच राहिला.

आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहात. शहरातील एका क्लबात मार्कर म्हणून त्यांनी आयुष्य घालविले होते. बिलियर्ड्‌सच्या खोलीत गुण मांडणारा, टेबलाची निगा राखणारा आणि सभासदाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याबरोबर खेळणारा नोकर म्हणजे मार्कर. एकदा माझ्या आग्रहावरून ते माझा खेळ पाहावयास आले. मी एक लांबचा चेंडू अचूक घातला आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “चेंडू गेला, ते मला दिसले. तुझा क्यू कुठे गेला, ते सांग.”

मला सांगता आले नाही. क्यूचे टोक डावीकडे तिरपे झाले होते आणि माझी मान केव्हाच वर आली होती. त्या क्षणापर्यंत या दोन्ही गोष्टींची मला जाणीवही नव्हती.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ अशी म्हण आहे. खेळाच्या बाबतीत ती कितपत खरी आहे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. चुकीची सवय कशी जडते, ती ओळखावी कशी आणि तिच्या जागी दुसरी सवय कोणत्या क्रमाने रुजवावी, हे आपण पूलच्या टेबलाच्या आधारे पाहू. ज्यांनी हातात कधी क्यू धरला नाही अशा वाचकांनाही हे विवेचन उपयोगी पडावे. कारण हस्ताक्षर, टंकलेखन, तबल्यावरील बोटे किंवा सायकलवरील बसणे, या सर्वांना हाच नियम लागू आहे.

२. खेळाची थोडी ओळख

हिरव्या बनातीच्या टेबलावर क्यूने खेळावयाचे तीन खेळ आपल्याकडे प्रचलित आहेत. बिलियर्ड्‌स तीन चेंडूंनी खेळतात. स्नूकरमध्ये पंधरा लाल, सहा रंगीत व एक पांढरा असे बावीस चेंडू असतात. या खेळाचा उगम १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी छावणीत झाला आणि नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याकडे त्याचे श्रेय दिले जाते. पूलचे टेबल या दोहोंच्या टेबलांपेक्षा लहान असते, चेंडू किंचित मोठे आणि पॉकेटची तोंडे अधिक रुंद. त्यामुळे नवख्या खेळाडूला पूल सोपा वाटतो. हा सोपेपणा कसा फसवा आहे, ते पुढे दिसून येईल.

कोलकाता शहराचा या खेळांशी जुना संबंध आहे. १९५२ साली हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्‌स स्पर्धा येथे झाली, तेव्हा इंग्लंडचे लेस्ली ड्रिफील्ड विजयी झाले. १९५८ साली ही स्पर्धा पुन्हा कलकत्त्यातच भरली आणि त्या वेळी पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स अजिंक्य ठरले. कोणत्याही खेळात जागतिक विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा जिंकले. उतारवयात ते शिक्षकाच्या भूमिकेत गेले आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कोलकात्याचे मनोज कोठारी १९९० साली जागतिक बिलियर्ड्‌स विजेते झाले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले त्यांचे पुत्र सौरव यांनी २०१८ साली जागतिक विजेतेपद मिळविले. या नोंदींतून एक गोष्ट ध्यानात येते. या खेळात पाहणाऱ्या दुसऱ्या डोळ्याचे, म्हणजे शिक्षकाचे, महत्त्व फार आहे. खेळाडूला चेंडू दिसतो. स्वतःचे कोपर दिसत नाही.

३. चूक लहान, परिणाम मोठा

प्रथम थोडे गणित करू. पूलच्या चेंडूचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो. स्पर्धेच्या टेबलाच्या कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड सुमारे साडेअकरा सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे नेमक्या मध्यातून जाणाऱ्या चेंडूला दोन्ही बाजूंस सुमारे तीन-तीन सेंटिमीटर मोकळीक मिळते.

आता समजा, पांढरा चेंडू, रंगीत चेंडू व पॉकेट हे तिन्ही एका सरळ रेषेत आहेत. पांढऱ्या चेंडूला दीड मीटर जावयाचे आहे आणि तेथून रंगीत चेंडूला पॉकेटपर्यंत एक मीटर. क्यूची रेषा एका अंशाच्या केवळ दहाव्या भागाने चुकली. दीड मीटरच्या अंती पांढरा चेंडू २.६ मिलिमीटर सरकलेला असेल. ही चूक डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु दोन गोल वस्तूंची टक्कर झाली की चूक अनेक पटींनी वाढते. त्या २.६ मिलिमीटरमुळे रंगीत चेंडू सुमारे अडीच अंशांनी वाकडा जातो आणि एक मीटर गेल्यावर मध्यरेषेपासून साडेचार सेंटिमीटर दूर पोहोचतो. मोकळीक तीन सेंटिमीटरची होती. चेंडू पॉकेटच्या ओठाला लागून बाहेर राहतो.

हेच गणित जवळच्या चेंडूसाठी करून पाहा. पांढऱ्या चेंडूला तीस सेंटिमीटर जावयाचे आहे आणि रंगीत चेंडूलाही तीसच. या वेळी क्यूची रेषा पूर्ण अर्ध्या अंशाने, म्हणजे पूर्वीच्या पाचपट, चुकली असे धरू. पांढरा चेंडू पुन्हा २.६ मिलिमीटरच सरकेल आणि रंगीत चेंडू अडीच अंशांनीच वाकडा जाईल. पण पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत तो मध्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटर ढळलेला असेल. चेंडू आत जातो.

या प्रकरणातील सर्व विवेचनाचे मूळ या दोन उदाहरणांत आहे. जवळच्या अंतरावर पाचपट मोठी चूक माफ होते. इतकेच काय, तिला बक्षीस मिळते. खेळाडू दिवसभरात जवळचे शंभर चेंडू घालतो आणि शंभर वेळा आपल्या शरीराला सांगतो की, ‘तू केलेस ते बरोबर होते.’ सोपे टेबल वाईट सवयींचे पाळणाघर बनते ते असे.

४. सवय म्हणजे काय

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सवयीमुळे लक्ष देण्याचे श्रम वाचतात, हा त्यातील एक मुख्य विचार. पॉल फिट्‌स आणि मायकेल पोझ्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य आत्मसात होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर माणूस प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करतो. दुसऱ्या पायरीवर हालचाली एकमेकींशी जुळत जातात व चुका कमी होतात. तिसऱ्या पायरीवर क्रिया आपोआप घडू लागते.

तिसरी पायरी गाठणे हे प्रत्येक अभ्यासाचे ध्येय असते. पण तेथे पोहोचताना वाटेत जे जे बरोबर आले, ते सारेच आपोआप घडू लागते. त्यात चांगले-वाईट असा भेद नसतो. मान उचलण्याची क्रिया आणि नेम धरण्याची क्रिया या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. म्हणून सवय मोडावयाची तर ते गाठोडे सोडावे लागते; म्हणजेच खेळाडूला तिसऱ्या पायरीवरून पुन्हा पहिल्या पायरीवर उतरावे लागते. हे उतरणे कष्टाचे आहे आणि अपमानाचेही वाटते.

सवयीच्या चिवटपणाचे आणखी एक कारण आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळून आले की, ज्या कृतीला प्रत्येक वेळी बक्षीस मिळते ती, बक्षीस थांबल्यावर, लवकर सुटते. ज्या कृतीला अधूनमधून बक्षीस मिळते ती मात्र फार काळ टिकते. पूलमधील चुकीची फेक ही नेमकी अशी कृती आहे. दहापैकी सहा वेळा चेंडू जातो. उरलेल्या चार वेळा खेळाडू नशिबाला, खडूला किंवा टेबलाला दोष देतो आणि सवय सुरक्षित राहते.

५. मुख्य खोडी आणि त्यांची मुळे

खोडी अनेक असल्या तरी बहुतेकांची मुळे चार आहेत.

पहिली खोड मान व खांदे उचलण्याची. क्यूचे चामडी टोक आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे एक हजारांश इतकाच काळ टिकतो. त्यानंतर खेळाडूने काहीही केले तरी चेंडूवर परिणाम होणे शक्य नाही. मग मान उचलल्याने बिघडते काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, स्पर्शानंतर दिसणारी हालचाल स्पर्शापूर्वीच सुरू झालेली असते. निकाल पाहण्याची घाई हे तिचे मूळ आहे. कॅरम खेळताना आपण पटाच्या वर डोके ठेवून बसतो. वरून पाहिल्याने तेथे काही बिघडत नाही. पूलमध्ये हनुवटी क्यूच्या जवळ आणून डोळे रेषेच्या पातळीत ठेवावे लागतात. निकाल पाहण्यासाठी वर येण्याची जुनी ओढ त्यामुळे अधिकच जाणवते.

दुसरी खोड मूठ आवळण्याची. कॅरममध्ये सारा जोर अखेरच्या क्षणी बोटाच्या टिचकीतून येतो. क्यूच्या खेळात जोर कोपराखालील हाताच्या झोक्यातून यावा लागतो. हा हात घड्याळाच्या लंबकाप्रमाणे लोंबता असतो आणि बोटांचे काम क्यूला केवळ पाळण्यात ठेवल्यासारखे धरण्याचे असते. कॅरमच्या सवयीचा खेळाडू शेवटच्या क्षणी मूठ मिटतो. मूठ मिटली की मनगट वळते आणि क्यूचे टोक ठरलेल्या जागेवरून ढळते.

तिसरी खोड वाकल्यानंतर नेम सुधारण्याची. कॅरममध्ये स्ट्रायकर आपल्या रेषेवर डावी-उजवीकडे सरकवून हवा तो कोन मिळविता येतो. पूलमध्ये पांढरा चेंडू जेथे थांबला तेथूनच खेळावे लागते. कोन मिळविण्यासाठी चेंडू हलविता येत नाही. स्वतःला हलवावे लागते. हे ज्याला उमगत नाही तो आधी वाकतो आणि मग नेम चुकल्याचे जाणवताच कोपर बाहेर काढून क्यू वळवितो. माझा क्यू डावीकडे जात असे तो यामुळे. एका चुकीची भरपाई दुसरी चूक करीत होती आणि दोघी मिळून कधीकधी चेंडू आत घालीत होत्या.

चौथी खोड घाईची. क्यू मागे नेऊन क्षणभरही न थांबता पुढे फेकला, तर दिशा बदलताना हाताला हिसका बसतो. वाकण्यापूर्वीचा विचार आणि वाकल्यानंतरची कृती यांच्यात अंतर न ठेवण्याचा हा परिणाम होय.

ही चार मुळे सांगण्याचे प्रयोजन असे की, दिसणारी चूक व खरी चूक बहुधा निरनिराळ्या असतात. क्यू डावीकडे जातो म्हणून मनगट उजवीकडे वळविणे हा उपाय नव्हे. उभे राहतानाच पाय चुकीच्या जागी पडला असेल, तर उपाय पायाचा केला पाहिजे.

६. खोड ओळखण्याच्या कसोट्या

ज्या चुकीची जाणीव नाही ती सुधारता येत नाही. पुढील कसोट्यांना विशेष साधने लागत नाहीत.

पहिली कसोटी पांढऱ्या चेंडूची. टेबलाच्या लांबीच्या मध्यरेषेवर पांढरा चेंडू ठेवावा. तो समोरच्या कुशनवर लागून परत यावा आणि स्थिर राहिलेल्या क्यूच्या टोकाला येऊन भिडावा, अशा रीतीने मारावा. चेंडू नेहमी एकाच बाजूला परतत असेल, तर नकळत बाजूची फिरकी दिली जात आहे किंवा क्यू तिरका चालला आहे.

दुसरी कसोटी पट्ट्याच्या चेंडूची. पूलमध्ये ९ ते १५ क्रमांकांच्या चेंडूंवर रंगीत पट्टा असतो. असा एक चेंडू पांढऱ्या चेंडूच्या जागी, पट्टा उभा व मारण्याच्या दिशेने ठेवून, मारावा. पट्टा न डगमगता चाकासारखा फिरला तर फटका मध्यावर बसला. पट्ट्यावर उमटलेला खडूचा ठिपकाही नेमकी जागा सांगतो.

तिसरी कसोटी बाटलीची. रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवून तिच्या तोंडात क्यूचे टोक, काचेला न लावता, आत-बाहेर करावे. काच वाजली की हात वाकडा गेला. रात्री घरच्या मेजावरही ही कसोटी घेता येते.

चौथी कसोटी पाहणाऱ्याची. मित्राला चेंडूकडे न पाहता केवळ आपल्या डोक्याकडे अथवा कोपराकडे पाहावयास सांगावे. आज भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने हे काम सोपे केले आहे. तो समोर व मागे, अशा दोन जागी ठेवून चित्रण करावे. पहिले चित्रण पाहून बहुतेकांना धक्का बसतो. तो बसणे आवश्यकच आहे.

७. मोडण्याचा क्रम

वृद्ध मार्करांनी मला जो क्रम घालून दिला, तो पुढे अनेकांना उपयोगी पडलेला मी पाहिला. तो येथे देतो.

पहिले दोन आठवडे चेंडूला हात लावावयाचा नाही. रोज वीस मिनिटे नुसता क्यू चालवावयाचा. उभे राहणे, रेषा पाहणे, पाय टाकणे, वाकणे, क्यू मागे नेणे, क्षणभर थांबणे, पुढे नेणे आणि दोन अंक मोजेपर्यंत तसेच खाली राहणे. चेंडू नसला की निकाल नसतो. निकाल नसला की जुन्या सवयीला जागे करणारी खूणही नसते. मला हे दोन आठवडे अत्यंत कंटाळवाणे गेले. मी विचारले, “काका, असे किती दिवस?” ते म्हणाले, “तुला कंटाळा येतो आहे, म्हणजे अजून तू चेंडू शोधतो आहेस.”

नंतरचे दोन आठवडे एकट्या पांढऱ्या चेंडूचे. मध्यरेषेवरील पहिल्या कसोटीचा फटका रोज पन्नास वेळा मारावा आणि किती वेळा चेंडू टोकाशी परतला, ते वहीत मांडावे.

त्यापुढील दोन आठवड्यांत जवळचे सरळ चेंडू घ्यावेत, परंतु गुण देण्याची रीत बदलावी. चेंडू गेला आणि मान उठली, तर शून्य. चेंडू चुकला आणि क्यू सरळ राहिला, तर एक. हा नियम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. वस्तुतः संपूर्ण उपचाराचा गाभा हाच आहे. आजवर ज्या चुकीला बक्षीस मिळत होते तिचे बक्षीस काढून घेऊन ते योग्य कृतीला द्यावयाचे. त्यानंतरच अंतर हळूहळू वाढवावे आणि सामन्याचा खेळ शेवटी आणावा.

एका वेळी एकच खोड हाती घ्यावी. मान, मूठ व कोपर या तिन्हींवर एकदम लक्ष ठेवणारा खेळाडू एकाही गोष्टीवर लक्ष ठेवू शकत नाही. नवी सवय रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये, असा विल्यम जेम्स यांचा उपदेश आहे. या काळात पैज किंवा सामने टाळावेत. सामन्यात जिंकण्याची इच्छा प्रबळ होते आणि हात जुन्या, ओळखीच्या वाटेने जातो.

येथे एका वेगळ्या उपायाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नाइट डन्लॅप यांना टंकलेखन करताना इंग्रजीतील एका साध्या शब्दाची पहिली दोन अक्षरे उलटसुलट करण्याची खोड होती. त्यांनी तो शब्द मुद्दाम, जाणीवपूर्वक, पुनःपुन्हा चुकीचाच टंकित केला आणि त्यांची खोड गेली. १९३२ मध्ये सवयींवरील आपल्या पुस्तकात त्यांनी या पद्धतीची चर्चा केली. पूलमध्ये तिचा उपयोग असा : दहा फटके मुद्दाम मान उचलून मारावेत, मग दहा फटके मान खाली ठेवून. जी गोष्ट आजवर नकळत घडत होती ती इच्छेने केली की तिची सुरुवात कोठे होते ते प्रथमच कळते. अतिरेक मात्र करू नये. चूक अनुभवण्यापुरतीच ही पद्धत वापरावी.

८. हरण्याची तयारी

खरी कसोटी या सरावात नाही. ती आहे मनाच्या तयारीत. सवय बदलू लागली की खेळ प्रथम बिघडतो. जुनी रीत सुटलेली असते, नवी अंगवळणी पडलेली नसते. माझ्या बाबतीत ही अवस्था जवळजवळ चार महिने टिकली. ज्यांना मी सहज हरवीत असे, ती मुले मला हरवू लागली. ओट्यावर थट्टा होऊ लागली. म्हाताऱ्याच्या नादी लागून हा आपला खेळ घालवून बसला, असे मित्र उघड म्हणत. मलाही रात्री तसेच वाटे.

थोरामोठ्यांनाही या अवस्थेतून जावे लागले आहे. गोल्फपटू टायगर वुड्‌स यांनी १९९७ मध्ये ‘मास्टर्स’ ही स्पर्धा बारा फटक्यांच्या आघाडीने जिंकली. त्यानंतर आपली फटका मारण्याची पद्धत सदोष आहे असे ठरवून त्यांनी ती शिक्षकाच्या साहाय्याने मुळापासून बदलावयास घेतली. १९९८ साली अमेरिकेतील व्यावसायिक मालिकेत त्यांना एकच स्पर्धा जिंकता आली. १९९९ साली त्यांनी त्याच मालिकेत आठ स्पर्धा जिंकल्या. प्रत्येकाच्या वाट्याला असे यश येईल असे नाही. परंतु मधले वर्ष टाळून पुढचे वर्ष मिळत नाही, एवढे यावरून समजावे.

सहा महिन्यांनी वस्त्यावस्त्यांमधील एका लहानशा स्पर्धेत मी उतरलो. आरंभी माझा क्यू सरळ चालला होता. अखेरच्या डावात एक साधा, जवळचा चेंडू उरला. तो घातला की मी जिंकणार होतो. मी वाकलो, मूठ आवळली गेली, मान वर आली आणि चेंडू पॉकेटच्या ओठावर थांबला. सहा महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडले असे मला वाटले. मार्करकाकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मान वर आली, हे तुला केव्हा कळले?” मी म्हणालो, “तेव्हाच. चेंडू थांबण्याच्या आधी.” ते म्हणाले, “पूर्वी तुला तीन वर्षांत कळले नव्हते.”

त्यांच्या बोलण्यातील अर्थ मला पुढे वाचनातून अधिक स्पष्ट झाला. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, विरून गेलेली प्रतिक्रिया काही काळाच्या विश्रांतीनंतर आपोआप पुन्हा प्रकट होते. याचा अर्थ, जुनी सवय पुसली जात नाही. ती नव्या सवयीच्या खाली दडून राहते आणि भीती, थकवा किंवा घाई यांच्या वेळी डोके वर काढते. म्हणून तिचे परतणे हे अपयशाचे लक्षण मानू नये. ती परतली तर एक डाव थांबावे, चेंडूविना पाच-दहा वेळा क्यू चालवावा आणि पुन्हा आरंभ करावा.

९. समारोप

या प्रकरणातील मुख्य मुद्दे असे सांगता येतील. चुकीची सवय यशामुळे जडते, म्हणून यशाकडे संशयाने पाहावयास शिकावे. दिसणाऱ्या चुकीखालील मूळ शोधावे. निकाल बाजूला ठेवून कृतीला गुण द्यावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काही काळ हरण्याची तयारी ठेवावी आणि सवय परतली तर खचून जाऊ नये.

तेव्हा ती म्हण अर्धीच खरी आहे. खोड जात नाही हे खरे. पण तिच्यावाचून चालण्याची वाट तयार करता येते. बागबाजारचा खंदकही नुसता सोडून दिल्याने नाहीसा झाला नव्हता. तो बुजवावा लागला आणि त्यावरून रोजची रहदारी सुरू व्हावी लागली. आजही बागबाजारात गेलो की क्लबापुढच्या कॅरमवर मी एखादा डाव खेळतो. तेथे बोटाची टिचकी आणि वर उचललेली मान, दोन्ही चालतात. नंतर टेबलापाशी गेलो की पहिली पाच मिनिटे मी चेंडू न ठेवता क्यू चालवितो. आजवर मी यात खंड पडू दिलेला नाही.